पडद्यावरचे घर, आमचे घर

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



सिनेमातले लोकांना काय आवडते आणि काय खटकते, या विषयावर बोला, असे मला सांगण्यात आले तेव्हा मी जरा संकोचलो. मी सिनेमाचा अभ्यासक नाही. बी. ए. झालो, मराठीत कविता लिहितो आणि लहानपणापासून सिनेमे बघतो. एवढ्या भांडवलावर पंधरा मिनिटे बोलायचे आहे. तेव्हा मी प्रेक्षक म्हणूनच बोलेन. सगळ्या सिनेमांबद्दल बोलणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणून एकच गोष्ट घेतो. सिनेमातले घर आणि सिनेमातले गाव.

माझे गाव सोलापूर जिल्ह्यातले. आम्ही तांबोळी. आठवड्याच्या बाजारात अब्बा पानांची पाटी घेऊन बसायचे. गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा, तेव्हा अब्बांचे दुकान तंबूच्या दाराशी लागायचे. दारावरच्या माणसाला पानाचा नाद होता. त्यामुळे आम्हा भावंडांना तिकीट लागत नसे. कोण म्हणतो पान खाणे वाईट? माझे सगळे सिनेमाचे शिक्षण त्या पानांवर झाले आहे.

तंबूत एका बाजूला बाया, एका बाजूला बाप्ये. मध्ये दोरी. खाली माती, तिच्यावर घरून आणलेले पोते किंवा घोंगडे. रीळ बदलायला वेळ लागायचा, तेवढ्यात शेंगा फोडायच्या आणि झालेल्या कथेवर चर्चा करायची. ही चर्चा मला सिनेमाइतकीच आवडायची. आमच्या गावच्या प्रेक्षकांइतके कडक परीक्षक मी पुढे साहित्यातही पाहिले नाहीत. नायकाने नांगर धरला की मागून आवाज यायचा, 'आरं, बैल त्येला वळखत बी न्हाईत!' नायिका डोक्यावर घागर घेऊन पळाली की बाया हसायच्या. कारण भरलेली घागर घेऊन कुणी पळत नाही, हे त्यांच्या मानेला ठाऊक होते.

'शोले' 1975 सालचा. आमच्या तंबूत तो बऱ्याच वर्षांनी आला. ठाकूरच्या वाड्यात रोज संध्याकाळी दिवे लावले जातात आणि रात्री एकेक करून मालवले जातात. ते दृश्य बघताना सगळा तंबू गप्प व्हायचा. पण वीरू पाण्याच्या टाकीवर चढला की कुणीतरी हमखास विचारायचे, 'गावात वीज न्हाई, मग टाकीत पाणी चढवलं कुणी?' हा प्रश्न पुढे मी कितीतरी ठिकाणी, कितीतरी तोंडून ऐकला. गंमत अशी, की हा प्रश्न विचारणारा माणूस तोच सिनेमा चौथ्यांदा बघत असायचा. चूक काढणे हाही त्याच्या आनंदाचाच भाग होता.

माझ्याही मनात रामगढबद्दल एक शंका होती, ती मी तेव्हा कुणाला बोललो नाही. रामगढमध्ये मशीद आहे, इमामसाहेब आहेत, त्यांचा तरुण मुलगा आहे. पण त्या मशिदीत नमाजाला येणारी बाकीची माणसे कुठे राहतात? त्यांची घरे मला कधी दिसली नाहीत. आमच्या गावात तांबोळी होते, मुलाणी होते, आतार होते, बागवान होते. प्रत्येकाची गल्ली होती, भांडणे होती, उधाऱ्या होत्या. रामगढात एकटे रहीमचाचा.

तरीही सांगतो, रहीमचाचांचा मुलगा मारला जातो तेव्हा दोरीच्या पलीकडून बायांच्या रडण्याचा आवाज यायचा. माझी अम्मा आणि शेजारच्या माळ्याच्या काकू एकाच पदराने डोळे पुसत असायच्या. तंबूतल्या अंधारात कुणी कुणाची जात विचारली नाही. लोकप्रिय सिनेमाचे हे देणे मी विसरलेलो नाही. ज्यांना हे सिनेमे नुसते खोटे वाटतात, त्यांनी तो अंधार पाहिलेला नसावा.

'अमर अकबर अँथनी' 1977 सालचा. तीन भावांचे रक्त एकाच वेळी एका बाटलीत जाते आणि तिथून आईला चढते. दवाखान्यात असे होत नाही, हे शाळेतल्या पोरालाही कळते. आमच्या गावच्या कंपाउंडरलाही कळत होते. तोसुद्धा शिट्ट्या मारत होता. म्हणजे खोटी गोष्ट लोकांना चालते. खोट्या गोष्टीसाठीच तर आपण जातो. मग लोकांना खटकते काय? मला वाटते, माणूस जिथे राहतो, जे हाताने करतो, ते चुकीचे दाखवले की त्याला खटकते. कुंभाराला चाक खटकते, शेतकऱ्याला नांगर खटकतो, नर्सबाईंना सुई खटकते. बाकीच्यांना काहीच खटकत नाही, कारण त्यांना ते माहीत नसते. आणि जे माहीत नसते, ते पडद्यावर बघून खरे वाटू लागते. इथूनच माझी अडचण सुरू होते.

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन. तंबूत 'मेरे महबूब' लागला. 1963 सालचा रंगीत सिनेमा. अलीगढचे विद्यापीठ, लखनौची हवेली, नायक शायर, नायिका बुरख्यात. काय ती झुंबरे, काय ते पडदे, काय ते झुकून आदाब करणे! मी तोंड उघडे टाकून बघत होतो. घरी जाताना वर्गातल्या एका मित्राने विचारले, 'काय रं, तुमच्यात असली घरं असत्यात?'

आता आमचे घर म्हणजे दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यावर ओल्या फडक्याखाली पानाची पाटी, मागे शेळी. अम्मा सहावारी लुगडे नेसायची, डोक्यावर पदर, हातात हिरव्या बांगड्या. सकाळी ज्वारीची भाकरी थापायची. घरात आम्ही दखनी बोलायचो. त्या बोलीत मराठीचा 'नको' आमचा 'नक्को' होऊन बसलेला. ओट्यावरून खाली उतरलो की मराठी. झुंबर हा शब्दसुद्धा मी त्या रात्री नव्यानेच ऐकला होता.

तरीही मी छाती पुढे काढून सांगितले, 'आमच्या हितं न्हाई, पण मामाच्या घरी हाय.'

मामा बार्शीला राहायचा. त्याच्या घरी कंदील होता.

पुढे ईदला तो मित्र शिरखुर्मा खायला आला. त्याने आमच्या घराकडे, अम्माकडे नीट बघितले आणि थोडा हिरमुसला. म्हणाला, 'तुमी तर आमच्यावानीच की!' त्या वेळी मला ते वाक्य लागले. आपण सिनेमातल्यासारखे नाही, याची मला लाज वाटली. मोठा झाल्यावर कळले की त्या पोराने सगळ्यात खरी गोष्ट सांगितली होती, आणि ती त्याला आमच्या घरात पाऊल टाकल्याशिवाय कळली नसती.

श्रोतेहो, त्या हवेलीच्या सिनेमांवर माझा राग नाही. उलट प्रेमच आहे. 'मुघल-ए-आझम' 5 ऑगस्ट 1960 रोजी मुंबईत प्रदर्शित झाला तो मराठा मंदिर या चित्रपटगृहात. त्यातल्या जोधाबाई आपल्या दुर्गा खोटे. उर्दू संवादांचा तो सिनेमा मराठी माणसांनी रांगा लावून पाहिला. शब्दांचे अर्थ सगळ्यांना कळत होते असे नाही, पण कानाला गोड लागत होते. 'पाकीझा' 1972 साली आला, तो पुरा व्हायला कितीतरी वर्षे गेली. त्याचे छायालेखक योसेफ वर्शिंग जर्मन होते, ते 1967 सालीच वारले. संगीतकार गुलाम मोहम्मद 1968 साली गेले. सिनेमा झळकला आणि दोन महिन्यांच्या आत मीनाकुमारी गेल्या. इतक्या माणसांच्या आयुष्यातून तयार झालेली ती दुनिया सुंदर आहे, यात वाद नाही. लोकांना परक्या जागेत तीन तास राहायला आवडते. मलाही आवडते. शब्दांचा नाद मला तिथूनच लागला, हे मी कबूल करतो.

माझी तक्रार एवढीच, की ती एक जागा होती आणि लोकांनी ती आमच्या सगळ्यांची जागा समजली. लखनौच्या नवाबांचे घर म्हणजे मुसलमानाचे घर, असा हिशेब होऊन बसला. त्या घरात पैसा कुठून येतो, हेही फारसे कळत नसे. 'मेरे महबूब'मधले नवाब तर कर्जबाजारी आहेत. आमच्या गल्लीत कर्जबाजारी माणसे मी पाहिली होती. त्यांच्या घरातून सगळ्यात आधी तांब्याचा हंडा जायचा. तिथे एवढी झुंबरे शाबूत कशी, हे मला कळले नाही.

कॉलेजात असताना दूरदर्शनवर 'गर्म हवा' पाहिला. एम. एस. सथ्यू यांचा सिनेमा. फाळणीनंतरचे आग्रा. बलराज साहनींनी केलेले सलीम मिर्झा बूट तयार करण्याचा कारखाना चालवतात. पहिल्यांदा मला पडद्यावर असे मुसलमान घर दिसले, ज्याची चूल कशावर चालते ते समजत होते. चामडे, उधारी, बँकेने नाकारलेले कर्ज, भावाच्या नावावर असलेले घर. घर सोडायची वेळ येते तेव्हा म्हातारी आई अडून बसते. शेवटी तिला पालखीतून त्याच घरी आणतात, मरण्यासाठी. त्या घरात झुंबर असले-नसले तरी मला आठवत नाही. म्हातारी आठवते.

त्याच सिनेमात सलीम मिर्झा भाड्याने घर शोधत हिंडतात आणि नाव ऐकून लोक नकार देतात. तेव्हा मला वाटले होते, ही जुनी गोष्ट, फाळणीच्या वेळची.

आमच्या अब्बांचा आवडता सिनेमा मात्र 'कुली'. 1983 सालचा. अमिताभ बच्चन त्यात इक्बाल नावाचा हमाल आहे, दंडावर 786 क्रमांकाचा बिल्ला. बाकी सगळी कथा अचाट. पण अब्बा म्हणायचे, 'ये आदमी वजन उठाता है.' अब्बांनीही आयुष्यभर डोक्यावर पाटी वाहिली होती. त्यांना दुसरे काही नको होते.

पुढे काळ बदलला. झुंबरे गेली आणि पडद्यावर बंदुका आल्या. 1999 साली 'सरफरोश' आला. मी तो एका जिवलग मित्राबरोबर पाहिला. चांगला बांधलेला सिनेमा आहे. नसीरुद्दीन शाह त्यात पाकिस्तानी गझलगायक आहेत, आणि तोच गायक शस्त्रांच्या व्यापाराचा सूत्रधार निघतो. त्याच सिनेमात इन्स्पेक्टर सलीम आहे, ज्याला आपली निष्ठा पुन्हा पुन्हा सिद्ध करावी लागते. दिग्दर्शकाने त्याची वेदना दाखवली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. बाहेर पडल्यावर मित्र हसत म्हणाला, 'आता तुझी गझल ऐकायची म्हणजे भीतीच वाटते बाबा.' मीही हसलो. दोघांनी चहा घेतला. पण त्या दिवसापासून एखाद्या अनोळखी गावात कविता वाचायला उभा राहिलो, की माझे नाव पुकारल्यावर समोरच्या चेहऱ्यांकडे मी क्षणभर जास्त बघू लागलो. त्या अर्ध्या मिनिटात समोरच्याच्या डोळ्यांपुढे कोणता सिनेमा चालू असेल, हे मला ओळखता येत नाही.

एकदा एका कविसंमेलनाच्या संयोजकांचा फोन आला. अतिशय प्रेमळ माणूस. म्हणाले, 'येताना शेरवानी घालून या. तेवढेच वातावरण तयार होते.' मी म्हणालो, 'शेरवानी माझ्याकडे नाही. माझ्या लग्नातही मी सफारी घातली होती.' ते म्हणाले, 'मग आम्ही भाड्याने आणतो.' मी पांढरा सदरा घालून गेलो आणि ज्वारीच्या राखणीवरची कविता वाचली. कार्यक्रम झाल्यावर एक बाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, 'तुमचे मराठी किती छान आहे हो!' त्यांना कौतुकच करायचे होते. मी आभार मानले. पण स्वतःच्या आईला स्वयंपाक चांगला येतो, याबद्दल कुणी आश्चर्य दाखवावे, तसे काहीसे मला वाटले.

आणि एक शेवटचा अनुभव सांगतो. मुलाला नोकरी लागली. शहरात त्याच्यासाठी खोली बघत होतो. एका घरमालकांशी फोनवर सगळे ठरले. भाडे, अनामत, पाण्याची वेळ, सगळे. माझ्या बोलण्यावरून त्यांनी विचारले, 'सोलापूरकडचे का? आमची आत्या तिकडे दिली आहे.' आम्ही आत्याच्या गावाबद्दल पाच मिनिटे बोललो. मग नाव विचारले. मी सांगितले. पलीकडे शांतता. मग म्हणाले, 'तसे काही नाही हो, पण घरच्यांना जरा विचारून कळवतो.' त्यांनी काही कळवले नाही. मला 'गर्म हवा'तले सलीम मिर्झा आठवले. ती गोष्ट जुनी झालेली नव्हती.

ते गृहस्थ वाईट होते असे मी म्हणणार नाही. त्यांनी मुसलमानाचे घर आतून कधी पाहिलेच नसावे. पडद्यावर पाहिले असेल. तिथे एक तर मुजरा चालू असतो, नाही तर स्फोटके बांधणे चालू असते. दोन्हीपैकी कोणत्या भाडेकरूला त्यांनी खोली द्यावी? सगळा दोष सिनेमाचा नाही, हे मला कळते. माणसाने शेजाऱ्याच्या घरी जायचे सोडले, की त्याची माहिती सिनेमावर चालते. आमच्या गावात सिनेमा खोटा असला तरी बिघडत नव्हते, कारण ईदला तो मित्र घरी येऊन खातरजमा करून गेला होता. शहरात हे दार बंद झाले.

मग मराठी सिनेमा काय करत होता, असे तुम्ही विचाराल. 1961 सालचा 'प्रपंच' बघा. त्यात कुंभाराची भूमिका शाहीर अमर शेख यांनी केली आहे. माझ्या मामाच्या बार्शीचे अमर शेख. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांच्या डफाने मैदाने भरली, ते. तो कुंभार बघताना कुणाला वाटले का, की हा माणूस आपल्यातला नाही? तोंडात आपली भाषा, डोळ्यांत गरिबी. अमर शेखांना कुणी शेरवानी घालायला सांगितले नव्हते. मात्र मराठी पडद्यावर आमच्यासारखे घर, आमच्याच नावाने, मला क्वचितच भेटले.

29 एप्रिल 2016 रोजी 'सैराट' आला. नागराज मंजुळे यांचा, आमच्याच जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात चित्रित झालेला. लोक गाण्यांवर थिएटरात नाचले, हे तुम्हाला माहीतच आहे. पुढे चित्रीकरणाच्या जागा बघायला माणसे करमाळ्यात येऊ लागली. त्यात परश्याचे दोन मित्र आहेत, एक लंगड्या आणि एक सल्या. सल्या म्हणजे सलीम. अरबाज शेख या मुलाने ते काम केले. तो मित्राच्या भानगडीत स्वतः मार खायला तयार, आणि बोलतो ती अस्सल करमाळ्याची मराठी. त्याला कुणी देशभक्ती सिद्ध करायला सांगत नाही, कव्वाली म्हणायला सांगत नाही. तो आहे, कारण अशा मित्रांच्या टोळक्यात आमच्याकडे एक सलीम असतोच.

मी तो सिनेमा थिएटरात पाहिला. मध्यंतरात लोक आर्चीबद्दल बोलत होते, बुलेटबद्दल बोलत होते. सल्याच्या धर्माबद्दल एकही माणूस बोलला नाही. कुणाच्या लक्षातच आले नसावे. श्रोतेहो, मला इतके बरे वाटले की काय सांगू. आपल्याकडे कुणी बोट दाखवत नाही, हाही एक आनंद असतो. ज्यांना तो रोज मिळतो, त्यांना त्याची किंमत कळणे कठीण आहे.

पुढे तो टीव्हीवर लागला तेव्हा मी गावी होतो. अब्बा तोवर गेले होते. अम्मा खाटेवर बसून बघत होती, आणि शेजारी माळ्याच्या काकू, त्याच. दोघींचे गुडघे गेलेले, दृष्टी अधू. मी मागे बसलो होतो. सल्या पडद्यावर आला तशी अम्मा काकूंना म्हणाली, 'कुठलं गं हे पोरगं? आपल्यातलंच दिसतंय.'

काकू म्हणाल्या, 'व्हय की. आपल्यातलंच हाय.'

अम्माच्या 'आपल्यातलं'चा अर्थ काय आणि काकूंच्या 'आपल्यातलं'चा अर्थ काय, हे मी विचारले नाही. दोघी पुढचा सिनेमा बघू लागल्या.